निनावी तक्रारीचा जावक क्रमांक

प्रसेनजितचं लग्न दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात झालं आणि त्या लग्नात पाहुण्यांचा चहा दोनदा नासला. पूर्णाकाठचं ते गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरींचं पाणीही खारट. गोड पाण्याचा हातपंप गावात एकच, आणि तो दोन वर्षांपासून बंद. नवरदेवाची आजी पंचफुलाबाई चौऱ्याऐंशी वर्षांची. तिनं नासका चहा खाली ठेवला आणि मुलाला, नवरदेवाच्या बापाला, हाक मारली.

"कचरू, मराच्या आंधी त्या पंपाचं पानी पाज रे बाबू."

"पाजतो न माय."

"तुह्या ऑफिसात सांग न, पंप बंद हाये म्हनून."

कचरूनं मान खाली घातली. तो तालुक्याच्या ऑफिसात कारकून. हातपंपांचा अहवाल दर महिन्याला तोच लिहायचा. मागचा कागद समोर ठेवायचा आणि तारीख तेवढी बदलायची, अशी तिथली रीत. "मीच त लिवतो वो, पंप चालू हाये म्हनून."

"मंग माह्या घशात काऊन नाही येत?"

सोमवारी कचरू साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, खोटं लिवनं आता होत नाही."

साहेब वयानं लहान, पण बोलणं जुन्या माणसाचं. "लेखी द्या कचरूभाऊ. पण योग्य मार्गानं."

"योग्य मार्ग म्हंजे?"

"म्हणजे माझ्यामार्फत."

कचरूनं लेखी दिलं. साहेबांनी ते वाचलं, ड्रॉवरमध्ये टाकलं आणि सहज विचारलं, "देऊळगाव राजाची हवा कशी आहे हो? तिथं एक जागा रिकामी आहे." देऊळगाव राजा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. म्हातारीला गावातच टाकून जावं लागलं असतं.

महिना तसाच गेला. घरी आला की माय पाण्याचा रिकामा गडवा घेऊन ओट्यावर बसलेली दिसायची. पंपाच्या दिशेनं तिची नजर अशी लागलेली असायची, जशी माहेरच्या वाटेकडे लागते. शेवटी त्यानं वरच्या ऑफिसला निनावी तक्रार लिहिली. नाव नाही, सही नाही. मग निश्चिंत मनानं पोस्टात टाकली.

आठव्या दिवशी साहेबांनी बोलावलं. त्यांच्या हातात त्याच तक्रारीची प्रत होती.

"कचरूभाऊ, ही निनावी तक्रार हाये न?"

"असंन साहेब. मले काय मालूम?"

"मग हिच्यावर आपला जावक क्रमांक काऊन हाये? चारशे बारा!" साहेबांची पुस्तकी भाषा सुटली होती. "अन् खाली लिवलं हाये, 'प्रत माहितीस्तव सविनय सादर.' मलेच!"

कचरूनं वाकून नंबर पाहिला. एकतीस वर्षांत बिननंबराचा कागद त्याच्या हातून ऑफिसाबाहेर गेला नव्हता. "हाताले सवय हाये साहेब," तो पुटपुटला.

"बांधा बिस्तरा!" साहेब ओरडले.

तेवढ्यात शिपाई गोकुळ वरच्या ऑफिसचा लखोटा घेऊन आला. बिननंबराची तक्रार तिथं कोपऱ्यात पडली असती. नंबर असलेल्या कागदाला मात्र उत्तर देणं भागच होतं. लखोट्यात लिहिलं होतं : आपल्या कार्यालयानं जावक क्रमांक ४१२ अन्वये स्वतःहून चूक कळवली, हे स्तुत्य आहे. दुरुस्ती पथक गुरुवारी येत आहे.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. नंबर खोटा म्हणावा तर ऑफिसचं रजिस्टर खोटं ठरणार. खरा म्हणावा तर शाबासकी पदरात. ते हळूच म्हणाले, "बसा कचरूभाऊ. चहा घेता?"

गुरुवारी पंप दुरुस्त झाला. फोटोत साहेब दांडा धरून उभे राहिले. कचरू गडवा भरून घरी धावला. पंचफुलाबाईनं दोन्ही हातांनी गडवा धरला, डोळे मिटले आणि सावकाश पाणी प्यायलं.

"कसं हाये माय?"

"फिक्कं लागते रे."

"फिक्कं? अवो, गोड पानी हाये थे!"

"असंन बाप्पा. पन मी नवी नवरी व्हतो, तवा माह्या सासूनं नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं पाजलं व्हतं. थे याच्याहून गोड व्हतं." मग तिनं गडवा पुढे केला. "आन आनखी. दुसऱ्या घोटात सापडंन."

ती रोज शोधत राहिली. पंचफुलाबाई चौदा जानेवारी दोन हजार वीस रोजी, मंगळवारी सकाळी वारली.