कदम आणि जिन्याखालचं कपाट

कदम कोणाच्याही घरी गेले की बूट काढतात, नमस्कार करतात आणि जिन्याखालचं कपाट उघडून बघतात. इथे आयर्लंडात कपाटाला ‘प्रेस’ म्हणतात, म्हणून कदमही म्हणतात. “प्रेस बघून घेतो हं,” म्हणत आत डोकं घालतात. आत व्हॅक्यूम क्लीनर असतो. “ग्रँड! कोणी राहत नाही,” असं जाहीर करून मगच सोफ्यावर टेकतात.

हे सगळं त्या कोरियन सिनेमामुळे. श्रीमंतांच्या बंगल्यात एक गरीब कुटुंब थापा मारून नोकरीला शिरतं आणि तळघरात आधीच कोणीतरी लपून राहत असतं, तो. सँट्रीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये नवं मराठी बिऱ्हाड आलं की त्याला कदमांकडचे पोहे आणि हा सिनेमा सक्तीचा. मधेच थांबवून विचारतात, “बोला, यात वाईट कोण?” मी एकदा “सगळेच” म्हणालो. पुढे कितीतरी दिवस माझ्याशी तुटक बोलत होते.

दिवाळीत एका मराठी डॉक्टरांनी ब्लँचर्डस्टाउनच्या नव्या घरी जेवायला बोलावलं. घर ऐसपैस. कपाट तपासून झालं आणि कदम गायब! पानं वाढली तरी पत्ता नाही. डॉक्टरांनी मला शोधायला पाठवलं.

स्वयंपाकघरामागच्या कपडे धुवायच्या खोलीत सापडले. स्वयंपाकाची ऑर्डर घेतलेल्या शिंदेमावशी तिथे उभ्याउभ्याच जेवत होत्या म्हणे. कदमांनी बाहेरून दोन खुर्च्या आणून एकीवर त्यांना बसवलं होतं आणि दुसरीवर स्वतः मांडीवर ताट घेऊन बसले होते.

“अहो, सगळे थांबलेत तुमच्यासाठी,” मी म्हणालो.

“मावशींचं होऊ दे.”

“जा हो तुम्ही,” मावशी संकोचल्या. “मला सवय आहे.”

“तेच तर,” म्हणत कदमांनी त्यांना आणखी भाजी वाढली.

परतताना बसमध्ये कदम खिडकीकडे बघत म्हणाले, “आई पुण्यात एका बंगल्यावर स्वयंपाकाला जायची. तिथलं जेवण कसं असतं विचारलं, की म्हणायची, घाईत चव कळत नाही रे.”

“आता कुठे असतात?”

“गेली. इकडे यायची होती. मी डायनिंग टेबल घेऊन ठेवलं होतं.”

आमचा स्टॉप आला. कदमांना उठवत नव्हतं. मीही बसून राहिलो. पुढच्या स्टॉपवर उतरून आम्ही चालत आलो.