एका शेळीची मार्चअखेर

शेळी पाळायला तीन गोष्टी लागतात: शेळी, जागा आणि नोंदवही. यांपैकी पहिल्या दोन नसल्या तरी काम अडत नाही, हे मी एकोणीस वर्षांच्या सरकारी नोकरीच्या अनुभवावरून सांगू शकतो.

मी पनवेलला एका कचेरीत आवक-जावक कारकून. सत्तावन्न साली माझी पत्नी चंद्रावती मुदतीच्या तापातून उठली, म्हणजे ताप गेला. ती उठली नाही. पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, शेळीचे ताजे दूध तेवढे पचेल, ते रोज मिळाले तर बाई उभ्या राहतील. तेव्हा शेळी घेणे प्राप्त झाले. पळस्प्याकडून भीमाबाई रोज लाकडाची मोळी घेऊन पनवेलात येई. तिच्या घरी तीस शेळ्या. आठ मार्चला तिने एक दुभती शेळी आमच्या अंगणात आणून बांधली आणि निगेविषयी सांगितले ते एवढेच: "सकाली सोडायची, सांजला बांधायची. पाला खाल ती. लय लाड नाय करायचं."

ही माहिती मला त्रोटक वाटली. शिवाय ती तोंडी होती. मी शेळीच्या निगेवरची एक छापील पुस्तिका आधीच मागवून ठेवली होती (पाने बेचाळीस, शुद्धिपत्रक वेगळे). तिच्यातल्या चौथ्या सूचनेनुसार नवे जनावर एकवीस दिवस इतर शेळ्यांपासून वेगळे ठेवावे. पाचवीनुसार शेळी कळपात राहणारी असल्याने ती एकटी ठेवू नये, झुरते. सामान्य माणूस इथेच गोंधळला असता. मी दोन्ही सूचना तीनदा वाचल्या आणि निष्कर्ष काढला की शेळीजवळ कळप असावा, पण त्यात शेळी नसावी. घरात या पदाला मी एकटाच पात्र ठरलो. मी एकवीस दिवसांची हक्काची रजा टाकली (कारण: कौटुंबिक) आणि अंगणात स्टूल टाकून कळप म्हणून रुजू झालो.

चंद्रावती अंथरुणावरून म्हणाली, "तीन महिने मी पडून होते, तेव्हा तुमची रजा शिल्लक नव्हती."

तिचे म्हणणे नोंदवून घेण्यात आले.

नोंदवहीत शेळीचे नाव 'शेळी क्र. १' असे होते. चंद्रावतीने परस्पर 'जनी' ठेवले. मंजुरी मागाहून दिली. वहीला चौदा रकाने होते. पहिल्या पंधरवड्यात लेंड्या चार हजार दोनशे सतरा (दोनदा वारा सुटल्याने आकडा अंदाजे). रवंथ मिनिटाला एकसष्ट. पापणीची आतली बाजू गुलाबी असणे हे निरोगीपणाचे लक्षण. तपासणीत जनीची गुलाबी आणि कळपातल्या दुसऱ्या सदस्याची फिकट आढळली. खूर वाढले आहेत काय, याचे उत्तर मिळवताना त्या सदस्याच्या गुडघ्याला इजा झाली. एकंदरीत कळपाचे आरोग्य पन्नास टक्के समाधानकारक होते.

दूध मात्र चंद्रावतीला मानवले. दुसऱ्या आठवड्यात ती उशी लावून बसू लागली, तिसऱ्यात मऊ भात मागून घेतला. रोज सकाळी पेला रिकामा झाला की ती खिडकीतून जनीशी दोन शब्द बोलायची. माझ्याशी बोलायची त्यापेक्षा ते शब्द मऊ असत. मला फार बरे वाटत होते. ते लिहायला रकाना नव्हता.

आणि एकतीस मार्च उजाडला. रविवार होता.

ज्यांनी सरकारी नोकरी केली आहे त्यांना या तारखेचे महत्त्व सांगायला नको. वर्षाची तरतूद त्या दिवसापर्यंत खर्ची पडली पाहिजे. न पडल्यास ती परत जाते आणि पुढल्या वर्षी तेवढी कापली जाते. आमच्या कचेरीत याच दिवशी एकदा अकरा घंटा घेतल्या होत्या, शिपाई दोन असताना. जनीच्या भरड्याची तरतूद मी रोजचा पाव शेर याप्रमाणे पुऱ्या मार्चसाठी आठ शेर केली होती. ती आली आठ तारखेला. त्यामुळे त्या दिवसाचा खुराक धरूनही दोन शेर भरडा शिल्लक राहत होता. तो परत कोणाकडे जाणार होता, हे मी स्वतःला विचारले नाही. कचेरीतही कोणी विचारत नाही.

सकाळी नऊ वाजता मी सगळा भरडा जनीपुढे ठेवला. तिने सहकार्य केले. 'शिल्लक: निरंक' असे लिहून मी सही केली.

अकराच्या सुमाराला तिची डावी कूस ढोलासारखी टम्म झाली. ती दात खाऊ लागली, मग खाली बसली, मग आडवी झाली. मला भीती वाटली. जनी गेली तर दूध गेले, आणि दूध गेले तर पुढचे माझ्याने मनात आणवेना. भीती वाटली की मला मसुदा सुचतो. पुस्तिकेच्या सदतिसाव्या पानावर 'अशा वेळी पशुवैद्यांस तात्काळ कळवावे' असे होते. मी कागद घेतला, डावीकडे समास सोडला आणि 'विनंती विशेष' लिहून 'तात्काळ'खाली रेघ ओढण्यासाठी पट्टी शोधू लागलो.

"अहो, ती मरतेय," चंद्रावती दारातून म्हणाली.

"त्याच कामात आहे," मी म्हणालो.

वर पाहिले तर ती दारात नव्हती. तीन महिन्यांत जी बाई न्हाणीपर्यंत धरून न्यावी लागे, ती भिंतीला हात लावत, अनवाणी, बाजाराच्या रस्त्याला लागली होती. मोळी विकून निघालेल्या भीमाबाईला घेऊनच परतली.

"काय चारलाव हिला?" भीमाबाईने विचारले.

"दोन शेर भरडा."

"एका वक्ताला?"

"मार्चअखेर होती," मी म्हणालो.

"ता बकरीला म्हाईत हाय काय?" ती म्हणाली आणि माझ्या हातातली पट्टी काढून घेतली. ती आडवी जनीच्या तोंडात देऊन दोरीने शिंगांमागे बांधली, जनी ती चघळू लागली. पुढचे पाय ओट्याच्या पायरीवर ठेवले, कमरेच्या पिशवीतले काहीतरी आमच्या गोड्या तेलात कालवून पाजले आणि डावी कूस चोळत राहिली. चंद्रावती शेजारी बसून जनीचे डोके धरून होती. अर्ध्या तासाने जनीने ढेकर दिली. इतकी मोठी ढेकर मी कोणत्याही जेवणावळीत ऐकलेली नाही. मग दुसरी, तिसरी. चंद्रावती रडू लागली आणि मीही, जरा बाजूला जाऊन.

"सायब," भीमाबाई हात धूत म्हणाली, "बकरी हाय ती, कोठार नाय."

जनी वाचली. चार दिवस दूध आटले, मग आले. चंद्रावती मेमध्ये स्वतः तिला चरायला नेऊ लागली. गावात बोलबाला झाला की मरणाच्या दारातली शेळी मी ठणठणीत केली. हा गैरसमज मी पुरेशा जोराने दूर केला नाही. जूनमध्ये वाचनालयाने माझे व्याख्यान ठेवले: 'नव्या शेळीपालकांस चार शब्द'. चाळीस श्रोते, दीड तास, चौदाही रकाने. शेवटी तीन प्रश्न आले. वही कुठे मिळते, रकाने कमी केले तर चालतील का, आणि लेंड्यांची मोजणी सकाळी करावी की सायंकाळी. तिन्हींची समाधानकारक उत्तरे मी दिली. भीमाबाई त्या वेळी वाचनालयाच्या पायरीवर मोळी टेकवून बसली होती. सगळे तिला ओलांडून घरी गेले.

तिने तेलात काय कालवले ते मी आजवर विचारलेले नाही. श्रोत्यांपैकी कोणी मला विचारले नाही. आणि आपण, सुजाण वाचक, शेळीच्या निगेविषयी चार गोष्टी कळाव्यात म्हणून इथवर आलात. लेंड्यांचा आकडाही कदाचित ध्यानात असेल. त्या पिशवीपाशी मात्र आपणही थांबला नाहीत.