नीळकंठरावांचे नवे गुडघे

एका जंगलात सगळ्यांचे गुडघे दुखत होते.

हसू नका. तुम्हाला अजून मांडी घालता येते, म्हणून हसू येतंय. घाला, नीट मांडी घालून बसा. मी खुर्चीतच बसणार आहे. का, ते विचारायचं नाही.

तर सगळ्यांचे दुखत होते. सशाचे, सांबराचे, रानडुकराचे. मुंगसाला गुडघे असतात हेच कुणाला माहीत नव्हतं, पण त्याचेही दुखायचे. कारण त्या जंगलात रोज सकाळी राजाला मुजरा असायचा. राजा म्हणजे आयाळराव महाराज, सिंह. ते वरच्या कातळावर उभे राहायचे आणि खालच्या कातळावर सगळी प्रजा गुडघे टेकायची. जो सगळ्यात शेवटी टेकेल, तो महाराजांचा नाश्ता.

"ही काय पद्धत झाली?" असं तुम्ही म्हणाल. मोठे व्हा, मग कळेल. प्रजा तर खूश होती.

"पूर्वी महाराज कुणालाही खायचे," ससा अभिमानानं सांगायचा. "आता नियमानं खातात."

या दरबारात एक भालदार होते. त्यांचं नाव नीळकंठराव. जातीनं रोही. रोही म्हणजे नीलगाय. शहरात वाढलात तरी एवढं माहीत असू द्या. त्यांचं काम काय, तर सकाळी खणखणीत आवाजात "वाका!" म्हणायचं आणि सगळ्यांत आधी स्वतः पुढचे दोन्ही गुडघे टेकून दाखवायचे. सगळं आयुष्य त्यांनी हेच केलं. त्यामुळे सगळ्यांत जास्त गुडघे त्यांचेच गेले.

वाकले की कटकट आवाज यायचा. उठताना त्याहून मोठा. आधी ते सगळ्यांच्या आधी टेकायचे. मग मधल्यांच्या बरोबर टेकू लागले. एके दिवशी तर त्यांच्यामागे फक्त एक म्हातारं कासव राहिलं होतं. त्या दिवशी महाराजांनी कासव खाल्लं, पण खाताना बघत होते नीळकंठरावांकडेच.

घरी आल्यावर त्यांची बायको कावेरीबाई रडायलाच लागल्या. "अहो, उद्या कासव नाहीये हो! मला भीती वाटतेय."

सगळे उपाय झाले होते. निर्गुडीचा पाला बांधून झाला. एरंडाची पानं शेकून झाली. तिळाचं तेल इतकं चोळलं, की नीळकंठराव उतारावर आपोआप घसरायचे. गुण काही येईना. शेवटी कावेरीबाईंनी त्यांना डॉक्टर सुतारांकडे नेलं.

डॉक्टर सुतार म्हणजे सुतारपक्षी. हाडांचे डॉक्टर. हाडांच्या डॉक्टरांकडे करवत असते, हातोडा असतो, भोक पाडायचं यंत्र असतं. काम सुतारकीचंच, फक्त लाकडाला भूल द्यावी लागते.

डॉक्टरांनी गुडघ्यावर चोच आपटून पाहिली. "वंगण संपलंय. हाडावर हाड घासतंय. बदलावे लागतील."

"काय बदलावं लागेल?"

"दोन्ही गुडघे. धातूचे बसवू. आणि काळजी करू नका, आता आपल्याकडे रोबो आलाय."

कोपऱ्यात एक लांब लोखंडी हात उभा होता. त्याला एक पडदा जोडलेला. पडद्यावर नीळकंठरावांचा गुडघा गरगर फिरत होता. कावेरीबाईंनी लांबूनच त्याला नमस्कार केला.

"म्हणजे ऑपरेशन हा करणार?" नीळकंठरावांनी विचारलं.

"ऑपरेशन मीच करणार. हा फक्त माझी करवत ठरलेल्या रेषेच्या बाहेर जाऊ देत नाही. केसभरसुद्धा नाही."

"आणि हा चुकला तर?"

"चुकतो मी. म्हणून तर याला आणलं."

नीळकंठरावांना हे फार पटलं. मग प्रश्न सुरू झाले. चालता येईल का? पळतासुद्धा येईल. चढता येईल का? वरचा कातळ चढाल. पुतण्याच्या हळदीत नाचता येईल का? नाचा की. धातू पावसात गंजेल का? नाही गंजणार. रोबो शाकाहारी आहे ना? हा प्रश्न कावेरीबाईंचा. डॉक्टर म्हणाले, तो काहीच खात नाही. त्यावर कावेरीबाईंना त्याची दयाच आली.

जो प्रश्न विचारायचा, तो मात्र कुणीच विचारला नाही. आपल्याकडे हे असंच. डॉक्टरांसमोर बसलं की मुख्य प्रश्न घरी राहतो.

महाराजांनी रजा दिली. महाराज उदार होते असं नाही. औषधं चालू असली की मांसाला कडवट चव येते, असं डॉक्टरांनी कळवलं होतं.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी नीळकंठरावांना उभं केलं. पुढे धरायला बांबूची चौकट दिली. गुडघ्यांवर ओढ्याच्या गार पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. आणि मग भेटायला येणारे सुरू झाले.

"दुधात हळद घाला," सांबर म्हणालं.

"दूध अजिबात नको," रानडुक्कर म्हणालं.

"आमच्या मेव्हण्याचं झालं होतं हे ऑपरेशन," ससा म्हणाला. "एकदम बरा झाला. नंतर गेला बिचारा. पण गुडघ्यानं नाही हो गेला!"

सगळे जाताना एकच विचारायचे. "रोबोनं केलं ना? मग काय, मजा आहे तुमची!"

मजा कसली? कप्पाळ! रोज सकाळ-संध्याकाळ व्यायाम करून घ्यायला वानरेबाई यायच्या. वानरेबाई म्हणजे वानरीण. बोलायला गोड, पण एकदा गुडघा हातात घेतला की सोडत नसत.

"वाकवा काका. अजून. अजून थोडा."

"मेलो गं आई!"

"मेल्यावर ओरडता येत नाही. वाकवा."

नीळकंठरावांनी दात-ओठ खाऊन व्यायाम केला. एक दिवस चुकवला नाही. त्यांचा हिशेब सरळ होता. गुडघा जितका वाकेल, तितका लवकर टेकेल. आणि लवकर टेकला, की आपण वाचलो. रात्री झोपेतसुद्धा ते पुटपुटायचे, "वाका, वाका."

हळूहळू चौकट सुटली. ते ओढ्यापर्यंत जाऊ लागले. मग टेकडीपर्यंत. पुतण्याच्या हळदीत असे नाचले, की नवरदेव बाजूला उभा राहून टाळ्या वाजवू लागला. कावेरीबाई लाजल्या आणि मग रडल्या. इतकं बरं त्यांना कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं.

शेवटच्या तपासणीला डॉक्टर सुतार म्हणाले, "वा! असा पेशंट पाहिला नाही. आता काय हवं ते करा. चाला, पळा, चढा. फक्त जमिनीवर गुडघे टेकायचे नाहीत."

कावेरीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नीळकंठरावांनी डॉक्टरांकडे पाहिलं. रोबो नेहमीसारखा उभा होता.

"किती दिवस नाही टेकायचे?"

"कायमचे. त्या कातळावर रोज आपटलेत, तर सांधा खिळखिळा होईल. माझी सगळी मेहनत वाया."

"अहो डॉक्टर, मग मी गुडघे बदलले कशासाठी?"

"चालण्यासाठी!"

"मला चालत जायचं कुठं होतं?" नीळकंठराव ओरडले.

डॉक्टरांनी रोबोकडे पाहिलं. रोबो पडद्यावर गुडघा फिरवत राहिला.

घरी आल्यावर कावेरीबाईंनी दार लावलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला आता पळता येतंय. आपण पळून जाऊ. जिथं वाकावं लागत नाही अशा जंगलात."

नीळकंठरावांनी बराच विचार केला. "पण तिथं भालदाराला काम काय?"

दुसऱ्या दिवशी ते वेळेवर कामावर गेले. खणखणीत आवाजात म्हणाले, "वाका!" सगळी प्रजा धडाधड गुडघ्यांवर आली. पुढं एकटे नीळकंठराव उभे. दरबारात असं कधी झालंच नव्हतं. प्रधान तरसोजी, म्हणजे तरस, घाबरून हसायला लागला. तो घाबरला की हसायचा.

"नीळकंठराव?" महाराज म्हणाले.

"महाराज, डॉक्टरांनी मनाई केलीय. रोबोटिक आहेत."

"काय आहेत?"

"गुडघे, महाराज."

महाराज कातळावरून खाली आले. नीळकंठरावांभोवती फिरले. त्यांना चालायला लावलं, वळायला लावलं. कट नाही, कूट नाही. आणि महाराजांचे स्वतःचे गुडघे मात्र दर पावलाला वाजत होते. ते सगळ्या दरबाराला ऐकू येत होतं, फक्त ऐकू येतं असं दाखवायची परवानगी नव्हती.

तरसोजी हळूच म्हणाला, "महाराज, भालदाराचे नवे आणि राजाचे जुने. बरं दिसत नाही."

महाराजांना ते लागलं. "याचे दोन झालेत ना? माझे चार करा! याचा न्याय मी बरा झाल्यावर करीन."

चारही झाले. एकदम. डॉक्टर सुतार "एकेक करू" म्हणत होते, पण महाराजांनी नुसता जबडा उघडून दाखवला. रोबोनं इथंही केसभर चूक होऊ दिली नाही.

आता गंमत ऐका. महाराज बिछान्यावर पेज पीत पडले होते, तरी रोज सकाळी मुजरा चालूच होता. रिकाम्या कातळापुढं सगळे गुडघे टेकायचे. शेवटी कोण राहिलं ते आपापसांत ठरवायचे आणि खायला कुणी नाही म्हणून त्याला खूप रागवायचे. नीळकंठराव उभे राहून "वाका!" म्हणायचे आणि त्यांना मनातून लाज वाटायची. सगळे वाकलेत आणि आपण तेवढे उभे, हे त्यांना सहन व्हायचं नाही.

इकडे वानरेबाई महाराजांकडे व्यायाम करून घ्यायला गेल्या.

"वाकवा महाराज."

महाराजांनी अशी डरकाळी फोडली, की वानरेबाई थेट छपरावर दिसल्या. मग महाराजांनी आज्ञा केली, "आमच्या वतीनं व्यायाम प्रधानांनी करावा."

तरसोजीनं मनापासून केला. त्याची कंबर बारीक झाली, चाल सुधारली, रंग उजळला. "महाराज, आज आपली प्रगती उत्तम आहे," असं तो रोज येऊन सांगायचा. महाराजांनाही बरं वाटायचं.

महाराजांचे गुडघे मात्र सरळच आखडले. चारही पाय पलंगाच्या खुरांसारखे ताठ. डॉक्टर सुतारांनी पाहिलं आणि कपाळावर पंख मारून घेतला. "आता दबा धरता येणार नाही, झेप घेता येणार नाही, पळता येणार नाही. खाली तोंडसुद्धा पोचणार नाही."

"पण उभे तर राहतात ना?" तरसोजी म्हणाला. "राजाला तेवढं पुरे."

मग मोठा दरबार भरला. महाराजांना उचलून कातळावर ठेवलं. "वाका!" झालं. सगळे वाकले. शेवटी एक भेकर, म्हणजे बुटकं हरीण, राहिलं, म्हणून त्याला महाराजांसमोर उभं केलं. महाराजांनी मान ताणली. जबडा उघडला. पोचेना. भेकर आपलं खाली डोळे मिटून उभं. महाराज वर, जबडा उघडा. बराच वेळ हे असंच चाललं.

कावेरीबाईंच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं. त्या गुडघ्यांवरच सरकत, गर्दीतून वाट काढत नवऱ्यापाशी आल्या. "अहो, याला आता कुणालाच खाता येत नाही. चला घरी."

नीळकंठरावांचं लक्षच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"उपाशी आहेत गं महाराज," ते म्हणाले.

तरसोजी दरबारावर नजर फिरवत होता. "महाराजांच्या तोंडाच्या उंचीला येईल, असं ताठ उभं राहणारं कुणी आहे का?"

सगळी प्रजा गुडघ्यांवर होती. बुटकं भेकर सोडलं, तर ताठ उभे होते ते एकटेच नीळकंठराव. त्यांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. इतके दिवस आपण नियम मोडतोय ही बोचणी होती, ती गेली. आपल्यालाही काहीतरी करता येण्यासारखं होतं.

"अहो, पळा!" कावेरीबाई ओरडल्या. "पळता येतंय तुम्हाला! पळा ना!"

"आत्ता?" नीळकंठराव म्हणाले. "कामाच्या वेळेत?"

आणि ते कातळ चढले. काय सुंदर चढले! न लंगडता, न थांबता, कुठं आधार न घेता. खालून सांबर म्हणालं, "बघा, रोबोटिक म्हणतात ते उगाच नाही." वानरेबाईंच्या डोळ्यांत अभिमानाचे अश्रू आले. नीळकंठराव महाराजांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, अगदी बरोबर उंचीला.

मग काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. डोळे झाका म्हटलं असतं, पण तुम्ही काही झाकणारे नाही.

कातळावर दोन धातूचे गुडघे राहिले. ते महाराजांना चावता आले नाहीत. अजून तिथंच आहेत. गंजलेले नाहीत. डॉक्टर सुतार नव्या पेशंटना मुद्दाम नेऊन दाखवतात.

कावेरीबाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचे गुडघे जुनेच होते, दुखतही होते. त्या वळल्या आणि चालू लागल्या. कातळावरून, दरबारामधून, ओढ्यापलीकडं, जंगलाच्या बाहेर. लंगडत, बसत, पुन्हा उठत. राजाला त्यांच्यामागे धावता येत नव्हतं. प्रजेला पटकन उठता येत नव्हतं. कुणी पाहिलंही नाही, कारण सगळ्यांच्या माना खाली होत्या.

तात्पर्य : गुडघ्याच्या ऑपरेशननंतर व्यायाम अजिबात करू नये. ज्यानं मनापासून केला, तो गेला. ज्यानं एकदाही केला नाही, त्याचं राज्य अजून चालू आहे.