इटलीचा मार्तंड

इटलीतल्या डोंगरांत चोरटा माल वाहणाऱ्या माणसाचं नाव मार्तंड असतं आणि त्याच्या बायकोचं सखू, हे मला भिकानानांमुळे कळलं. माल म्हणजे साखरेच्या गोणी. त्या करंजी घाटासारख्याच एका घाटातून, पण बर्फातून, पलीकडे न्यायच्या असतात आणि वाटेत फौजदार आडवा येतो. मी एकदा म्हणालो, "नाना, इटलीत फौजदार नसतो." नाना शांतपणे म्हणाले, "मग मार्तंडाला धरतं कोन?" मी तीस-एक वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे. तरी फौजदार मान्य केला.

भिकानाना सावेडीत आमच्या खालच्या फ्लॅटमध्ये राहतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी तंबू टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. पाथर्डीकडच्या जत्रांत तंबू ठोकायचा, पिक्चर दाखवायचा, ट्रक भरायचा आणि पुढची जत्रा गाठायची. अशाच एका जत्रेत रिळांची पेटी उघडली तर आत भलताच पिक्चर निघाला. जुना, काळापांढरा, इटालियन. तंबू गच्च भरलेला आणि खेळ रद्द करायला मालक तयार नाही. नानांनी मशीन सुरू केलं, माइक हातात घेतला आणि पडद्यावर जे दिसेल त्याची गोष्ट मराठीत सांगायला लागले. लोकांना ती इतकी आवडली, की मालकाने पेटी परत पाठवलीच नाही. बोर्डावर 'गोणी गेली घाटात' असं नाव रंगवून घेतलं आणि पुढच्या कित्येक जत्रा त्या पिक्चरवर काढल्या.

अडचण एकच. शेवटचं रीळ पेटीत नव्हतं. सखू दारात उभी, मार्तंड बर्फात, मागे फौजदार, आणि पडदा पांढरा. मग नाना माइकवर सांगून टाकायचे, की मार्तंड घरी पोचला, मंडळींनी सावकाश उठावं, आपापली पोरं बगून न्यावी.

माइक सुटला तरी सवय सुटली नाही. नानांच्या बायकोची, म्हणजे काकींची, नजर शुगरने गेली, तेव्हापासून नाना बाल्कनीत बसून त्यांना रस्ता सांगतात. एकदा मी भाजीला निघालो होतो. बाल्कनीतून आवाज आला, "आता हितं ध्यान द्या. वरचे मास्तर निघाले. रुबाबात हायत. पन पिशवी इसरलेत." मी थांबलो, खिसे चाचपले. "आठवलं," नाना म्हणाले. काकी हसल्या. तेव्हापासून मी पिशवी विसरलो तरी परत फिरत नाही. हातात मेथी घेऊन येतो.

दुपारी मात्र काकींना मार्तंडच लागतो. पिक्चर त्यांनी कधी पाहिलेला नाही. नाना दसऱ्यानंतर ट्रकवर चढायचे ते पावसाळ्याच्या तोंडाशी घरी यायचे. काकी पाथर्डीत एकट्या. त्यामुळे फौजदारबिजदारात त्यांना रस नाही. त्या मधेच विचारतात, "पर येतो ना घरी?" नाना म्हणतात, "येतो की." मग पुढची गोष्ट त्या निवांत ऐकतात.

एक दिवस जिन्यात नानांनी मला बाजूला घेतलं. "मास्तर, मी आपला घरी पोचला म्हनून सांगतो. पन त्याचं खरं काय झालं असंल? डोळे मिटायच्या आत तेवडं रीळ बगायचंय."

मला नको तिथे उत्साह येतो. मोबाईलवर शोध सुरू केला. इटली, डोंगर, बर्फ, चोरटा माल. पिक्चर सापडला म्हणून नानांना बोलावलं. त्यांनी तासभर नुसत्या बकऱ्या पाहिल्या आणि अदबीने म्हणाले, "चांगला हाय. पन ह्यात मार्तंड न्हाई." दुसऱ्या खेपेला पहिलंच दृश्य लागलं आणि नाना खुर्चीवरून उठून उभे राहिले.

मी लगेच पिक्चर बंद केला. एवढा मोठा क्षण दोघांतच का उरकायचा? रविवारी दुपारी सोसायटीच्या हॉलमध्ये पडदा लावला. खाली इंग्रजी वाक्यं उमटत होती. ती मराठीत मोठ्याने सांगायचं काम मी स्वतःकडे घेतलं. शेवट आधी पाहून ठेवावा, एवढी अक्कल मला सुचली नाही. सगळ्यांबरोबर पाहण्यात गंमत आहे, असं वाटलं.

नाना आणि काकी पहिल्या रांगेत. माझ्या तोंडून मार्तंडाचा कोणी पिएत्रो झाला, फौजदाराचा सीमाशुल्क अधिकारी झाला आणि गोणीतून साखरेऐवजी तंबाखू निघाली. मागच्या रांगेतून जांभया ऐकू यायला लागल्या. "नानांना द्या हो माइक," एक बाई म्हणाल्या. नाना मागे वळले. "न्हाई. आज मास्तर सांगतील. मला खरं ऐकायचंय."

मग ते रीळ आलं.

गोळी सुटली. बर्फात एक माणूस पडला. उजाडलं. चौघांनी एक घसरगाडी ओढत आणली आणि सखूच्या दारासमोर थांबवली. वर कोणीतरी, डोक्यापर्यंत घोंगडी पांघरलेलं. खाली इंग्रजीत एक वाक्य उमटलं. ते फार सोपं होतं. माझ्या तोंडून मात्र ते निघेना.

"का थांबले मास्तर?" काकींनी विचारलं. "आला का त्यो?"

नाना पडद्याकडे बघत होते. मग हात लांब करून त्यांनी माझ्याकडचा माइक घेतला.

"आला," ते म्हणाले. "दारात हुबा हाय. पार भिजलाय. सखूनं पानी तापाया ठिवलंय."

तेवढ्यात पडद्यावरची बाई घोंगडीवर कोसळली आणि मोठ्याने रडायला लागली. आवाज कमी करायला मी रिमोट शोधला, तो खुर्चीखाली गेला होता.

"मग ती रडती कशापायी?" काकी म्हणाल्या.

नाना काकींकडे वळले. "मानूस घरी आल्यावर रडू येतंच की. तू न्हाई का रडायची, मी जत्रंवरनं आल्यावर? चुलीम्होरं बसून?"

काकींनी चाचपत नानांचा हात धरला. मग हलकेच म्हणाल्या, "तुमाला ठावं हुतं व्हय? मी तर धूर लागला म्हनायचे."

माइक चालूच होता. ते सगळ्यांनी ऐकलं.