मघाचं तोंड बरं होतं

मकदूमभाईंनी तो जुना मॉनिटर घेतला, तेव्हा त्यात आपल्याला काय मिळणार हे त्यांनी मनाशी नीट मांडून बघितलं होतं. पहिला फायदा मानेचा. सात रस्त्याजवळच्या त्यांच्या फ्लेक्सच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक कधी बाकावर बसत नसे. ते लॅपटॉपपुढं बसलेल्या मकदूमभाईंच्या मागं उभं राही, त्यांच्या खांद्यावर हनुवटी आणी आणि 'साहेबांना जरा वर घ्या, मला जरा गोरं करा' असं थेट कानात सांगे. एका कानाला सल्ला आणि दुसऱ्या बाजूनं तंबाखूचा वास. दुसरा फायदा भांडणाचा. गिऱ्हाइकानं बाकावर बसावं, समोरच्या मोठ्या पडद्यावर आपलं तोंड आपल्याच डोळ्यांनी बघावं आणि 'चालतंय' म्हणावं, म्हणजे मागाहून 'आम्ही असं सांगितलंच नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. शिवाय मोठा पडदा बघितला की दुकानही मोठं वाटतं. एका बंद पडलेल्या क्लासच्या सामानात तो स्वस्तात सुटला होता, त्यामुळं तोट्याच्या बाजूला काही मांडायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्या पडद्यापुढं बसलेलं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे श्रीपूरकडचे हिंदुराव. साठीच्या अलीकडचा गडी, अंगावर कडक इस्त्री. बरोबर धाकटा भाऊ आदिनाथ. तो चाळिशीचाही नव्हता, आणि गाडी चालवायला आणलंय तेवढंच काम करून गप्प बसायचं, असा त्याचा एकूण नेम दिसत होता.

"तुमच्याकडनं अकलूज जवळ पडतं की," मकदूमभाई म्हणाले. "एवढ्या लांब कसं काय आलात?"

"अकलूजात फ्लेक्स टाकला की शाई वाळायच्या आत विरोधी पॅनेलला कळतंय," हिंदुराव म्हणाले. "म्हनून हितं आलो. हे बगा, उद्या आमचा वाढदिवस हाय. आण्णासाहेब येनार हायेत."

गावच्या दूध संस्थेची निवडणूक तोंडावर आली होती. अध्यक्षपदाला कुणाला उभं करायचं हे पॅनेलचे नेते आण्णासाहेब ठरवणार होते, आणि ते उद्याच जाहीर करणार होते, वाढदिवसाच्या मांडवात.

"आण्णासाहेबांनी माजं नाव ऐकलंय, पर मला बघितलेलं न्हाय," हिंदुराव म्हणाले. "गाडीतनं उतरल्या उतरल्या आदी कमानीवरचा फ्लेक्स बघनार, मग मला बघनार. तवा तोंड असं काढा, की डोक्यातनं जायलाच नको. सगळा खेळ त्या तोंडावर हाय."

मकदूमभाईंनी हिंदुरावांचा मोबाइलवरचा फोटो घेतला, मागं उगवता सूर्य टाकला, वर आण्णासाहेब बसवले आणि मॉनिटरची केबल लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपवर हिंदुराव लख्ख दिसत होते. मोठ्या पडद्यावर मात्र त्यांच्यावर दुधाची साय धरल्यासारखी दिसत होती. अक्षरांच्या कडा सुजलेल्या, सूर्य विटलेला, आणि हिंदुराव कुठं संपतात न् आकाश कुठं सुरू होतं, याचा पत्ता नाही.

"जरा पडद्याची भानगड आहे," मकदूमभाई ओशाळून म्हणाले. "आत्ता नीट करतो."

हिंदुराव बाकावर पुढं सरकले. टक लावून पडद्याकडं बघत राहिले. ते बघणं मकदूमभाईंनी तक्रार म्हणून घेतलं, आणि तिथंच ते चुकले.

शेजारी पंख्यांची, मिक्सरची वाइंडिंग करणारे तिप्पण्णा राहत. म्हणजे राहत घरी, पण दुसऱ्याच्या दुकानात काही बिघडलं की हजर. ते हातातलं फडकं घेऊनच आले.

"वायर ढिली आसंल की हो," ते म्हणाले. त्यांनी केबल उपसली, तिच्या टोकात फुंकर मारली, परत खोचली आणि बाजूचे स्क्रू असे आवळले की आता ती केबल काढायची तर दुकान पाडावं लागेल. पडदा निळा झाला, काळा झाला आणि पुन्हा तीच साय घेऊन आला.

"मग व्होल्टेज कमी पडतंय. पंखा बंद करा."

पंखा बंद झाला. चौघांना घाम फुटला, पडद्याला काही फुटलं नाही. मग काच मळली असेल म्हणून तिप्पण्णांनी हातातलं फडकं तिच्यावरून फिरवलं. त्याच फडक्यानं त्यांनी मघा एका मोटारीचं ग्रीस पुसलं होतं. उगवत्या सूर्याला ग्रहण लागलं.

"तिप्पण्णा, तुम्ही बसा आता," मकदूमभाई म्हणाले आणि त्यांनी पुण्याला इंजिनिअरिंग शिकणाऱ्या आपल्या लेकीला, झीनतला, व्हिडिओ कॉल लावला.

तिनं आधी मोबाइल लॅपटॉपकडं वळवायला लावला, मग मॉनिटरकडं. "अब्बा, दोनों को एकच माप दिये तुम," ती म्हणाली. "लॅपटॉप छोटा, मॉनिटर मोठा. छोट्याचा सदरा मोठ्याला ताणून घातला की असंच दिसंल ना. ते डुप्लिकेट काढा, आणि मॉनिटरला त्याच्या स्वतःच्या मापाचं रिझोल्यूशन द्या."

मकदूमभाईंनी दिलं. अक्षरांची सूज उतरली. साय मात्र थोडी राहिली.

"आता मॉनिटरच्या खालची बटणं दाबा. मेनू आला? ब्राइटनेस पूरा वर, शार्पनेस पूरा खाली. कुणी करून ठेवलं हे?"

"क्लासवाल्यानं केलं असंल."

"सगळं रिसेट मारो."

मकदूमभाईंनी रिसेट मारलं, आणि हिंदुराव त्या पडद्यावर असे उगवले, की मागचा सूर्य फिका पडला. कपाळावरची एकेक आठी मोजून घ्यावी. कलप लावलेल्या केसांखाली कानाजवळ पांढऱ्या मुळांची बारीक रेघ. डोळ्यांखाली दोन पिशव्या. गालावर चामखीळ, चामखिळीवर केस, आणि तो केसही कलप लावायचा राहिलेला.

"बघा आता," मकदूमभाई अभिमानानं म्हणाले. "काय क्लिअर आलंय."

हिंदुराव पडद्याकडं वाकले.

"ह्यो कोण?" हिंदुरावांनी विचारलं.

"तुम्हीच की."

"दादा, तुमीच हाय," आदिनाथ म्हणाला. सकाळपासून त्याचं हे पहिलंच वाक्य होतं, आणि तेही नको त्या वेळी आलं.

"मला कळतंय," हिंदुराव त्याच्याकडं न बघता म्हणाले. थोडा वेळ ते पडद्यावरच्या माणसाकडं आणि तो माणूस त्यांच्याकडं बघत राहिला. मग ते हळूच म्हणाले, "मघाचं तोंड बरं होतं."

"अहो, मघा पडदा खराब होता म्हणून तसं दिसत होतं."

"आसंल. पर बरं होतं."

मकदूमभाईंनी वाद घातला नाही. अशी तोंडं त्यांनी आयुष्यभर घासून दिली होती. आठ्या पुसल्या, पिशव्या रिकाम्या केल्या, चामखीळ उडवली, रंग उजळवला.

"बाहुल्यागत दिसतंय," हिंदुराव म्हणाले.

मकदूमभाईंनी थोड्या आठ्या परत आणल्या.

"आता आजारातनं उठल्यागत दिसतंय. मकदूमभाई, मघा कसं हुतं, सकाळच्या धुक्यातनं मानूस चालत यावा तसं. म्हातारा न्हाय, पोरगंबी न्हाय. नुसतं कर्तबगार. तसं पायजे मला."

"मग पडदा परत बिघडवावा लागेल."

"बिगडवा की."

बिघडवायला बसल्यावर मकदूमभाईंच्या ध्यानात आलं, की बिघाड नेमका किती होता हे कुणीच लक्षात ठेवलेलं नाही. त्यांनी बटणं दाबली. कधी हिंदुराव हिरवे झाले, कधी नुसती मिशी उरली. पुन्हा झीनतला फोन गेला.

"अब्बा, लोगां मॉनिटर सुधारने को फोन करते," ती म्हणाली. "तुम बिगाडने को कायको करते?"

"गिऱ्हाइकाला तसंच पाहिजे, बेटा."

"मेरी परीक्षा है," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

तिप्पण्णांना केबल ढिली करायला सांगितली, तर ते दुखावले. "बिगडलेलं नीट करतो हो आमी," ते म्हणाले. "नीट असलेलं बिगडवायचं काम आमच्याकडं घेत न्हाय." तरी त्यांनी पक्कड आणून ती ढिली केली, कारण पुढं काय होतंय ते बघायचं त्यांनाही होतंच.

शेवटी ब्राइटनेस पार वर, शार्पनेस पार खाली, माप पुन्हा लॅपटॉपचं, आणि तिप्पण्णांचा हात केबलवर, अशा अवस्थेत हिंदुराव बाकावरून अर्धवट उठले. "आजून जरा. आजून. हां. थांबा. कुनी हात लावू नका." पडद्यावर धुकं उतरलं होतं आणि धुक्यातून कर्तबगार हिंदुराव चालत येत होते.

"हेच छापा," ते म्हणाले.

तेव्हा कुठं मकदूमभाईंना खरी अडचण दिसली. "अहो, ही सगळी करामत पडद्याची आहे. मशीन छापतंय ते लॅपटॉपमधलं. छापून आलं की तुमचा केस न् केस परत हजर."

"मग पडद्यावरचंच छापा."

"पडद्यावरचं कसं छापणार?"

"फोटोचा फोटो काडायचा. त्यात काय."

मकदूमभाईंनी आयुष्यात बरंच काही छापलं होतं, पण बिघडलेल्या पडद्याचा मोबाइलनं फोटो काढून तो गिऱ्हाइकाच्या धडावर बसवायची वेळ आली नव्हती. त्यांनी शटर अर्ध्यावर ओढलं, स्टुलावर चढले आणि फोटो काढला. पहिल्या फोटोत हिंदुरावांच्या कपाळात काचेवर उमटलेले मकदूमभाई दाढीसकट दिसत होते. दुसरा नीट आला. तो हिंदुरावांनी घरी बायकोला, बजाबाईंना, व्हॉट्सॲपवर धाडला, आणि लगेच त्यांचा फोन आला. "चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पर ह्यो पाव्हना कोण हाय?"

"तिला चष्मा लागलाय," हिंदुरावांनी फोन ठेवून खुलासा केला. "घालत न्हाय."

संध्याकाळच्या आत फ्लेक्स छापून झाला. पडद्याच्या मेहनतीचे पैसे मकदूमभाईंनी वेगळे लावले. हिंदुरावांनी रुपयाचीही घासाघीस न करता सगळं बिल चुकतं केलं आणि फ्लेक्सची गुंडाळी लहान मूल घ्यावं तशी मांडीवर घेऊन ते गाडीत बसले.

पुढच्या आठवड्यात आदिनाथ एकटाच दुकानात आला. अंगावर नवा पांढरा शर्ट, आणि या खेपेला स्वतःहून बोलत होता.

"हिंदुराव आले नाहीत?" मकदूमभाईंनी विचारलं. "बरे आहेत ना?"

"तब्येत बरी हाय," आदिनाथ म्हणाला. "बोलत न्हाईत तेवडं."

"का? फ्लेक्स आवडला नाही का आण्णासाहेबांना?"

"लई आवडला. गाडीतनं उतरले, त्येंनी कमानीकडं बघितलं, परत एकदा बघितलं. दादा म्होरं हुते, हार घिऊन. मी मागं नारळ धरून. आण्णासाहेबांनी दादांच्या हातातला हार घेतला आनि म्हनले, 'काका, जरा सरका, हिंदुरावांना म्होरं येऊ द्या.' न् त्यो हार माज्या गळ्यात घातला."

मकदूमभाईंचा हात माऊसवरच राहिला. "मग?"

"मग माजा हात धरून मला स्टेजवर न्हेलं आनि हात वर केला. म्हनले, संस्थेला असलाच तरना मानूस पायजे, ह्योच तुमचा उमेदवार. टाळ्या वाजल्या."

"पण तुम्ही सांगायचं नाही का, की मी आदिनाथ आहे?"

"सांगनार हुतो की. पर माईक त्येंच्या हातात हुता."

"आणि नंतर?"

"नंतर दादांनीच सांगितलं. आण्णासाहेब जरा इचारात पडले. मग म्हनले, आता वर केलेला हात खाली कसा घ्यायचा, समद्यांनी बघितलाय. नाव बदलू. हात त्योच ऱ्हाऊ द्या." आदिनाथनं बाकावर बसून घडी केलेला कागद काढला. "तर आता आमचं प्रचाराचं फ्लेक्स करायचं हायेत. गावात चार ठिकानी."

मकदूमभाईंनी मोबाइल उचलला. "सरळ बसा. फोटो काढतो."

"कशाला? त्यो गेल्या खेपंचा हाय की. सारं गाव त्या तोंडाला उमेदवार म्हनून वळकतंय. आता दुसरं तोंड दावलं तर लोकांचा घोळ हुईल."

"अहो, पण ते तोंड हिंदुरावांचं आहे."

"आसंल," आदिनाथ म्हणाला. "पर दिसतंय कुनागत?"

मकदूमभाईंनी फाइल उघडली. पडद्यावर धुक्यातून माणूस चालत येत होता. त्यांनी पडद्याकडं बघितलं, बाकाकडं बघितलं, पुन्हा पडद्याकडं बघितलं आणि 'हिंदुराव' खोडून तिथं 'आदिनाथ' टाइप केलं. मग ते बिल करायला बसले. छपाई लिहिली, नावाची दुरुस्ती लिहिली आणि सवयीनं फोटोच्या कामाचा आकडा लिहायला पेन टेकवलं, तोच आदिनाथनं बिलावर हात आडवा ठेवला.

"छपाईचं घ्या, नावाचं घ्या," तो म्हणाला. "तोंडाचं लावू नका. त्याचं पैसं दादांनी दिल्यात."