गोठा एक, पूर्णतः

आमच्या लांजेवारबाबूंच्या हातातून एकदा डबा निसटला. वरण फरशीवर, भात फायलींवर. दुसरा कोणी असता तर आधी फडकं शोधलं असतं. बाबूंनी शिपायाला हाक मारली, मला उठवलं, दोघांना पंच म्हणून उभं केलं आणि वरणाचा ओघळ थांबेपर्यंत शांतपणे बघत राहिले. मग म्हणाले, "वरण पूर्णतः, भात अंशतः. आता पुसा."

त्यांच्या शेजारच्या टेबलावर मी सात वर्षं बसते. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी आमचं तहसील कार्यालय आहे. तालुक्याचं नाव सांगत नाही, मला अजून बरीच नोकरी करायची आहे. लांजेवारबाबूंकडे नैसर्गिक आपत्तीचं टेबल. पडलेलं घर सरकारी कागदावर दोनच प्रकारचं असतं, पूर्णतः पडलेलं नाहीतर अंशतः. बाबूंनी ही सोय सगळ्या जगाला लावली. माझी स्कूटी घसरली तेव्हा "लागलं का?" असं नाही, "पूर्णतः की अंशतः?" असं विचारलं. मामी वारल्या म्हणून रजा मागितली, तर अर्ज हातात घेऊन स्वतःशीच पुटपुटले, "पूर्णतः." असा राग आला होता मला! पण माणूस थट्टा करत नव्हता हो. त्याला दुसरी भाषाच येत नव्हती.

आता हे टेबल काय करतं ते सांगते. नदी गावात शिरली की पंचनामे होतात. गावांचा तक्ता तालुक्याला येतो, तालुक्याचा जिल्ह्याला, तिथून मुंबईला. मग शासन निर्णय निघतो, त्यात केंद्राचा वाटा, राज्याचा वाटा, आणि पैसा त्याच पायऱ्यांनी खाली उतरतो. वाटून झाला की ज्यासाठी दिला त्यालाच खर्च केला, असं उपयोगिता प्रमाणपत्र परत वर पाठवायचं. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता नाही. पाणी दोन दिवसांत ओसरतं, त्याचे कागद वर्षभर चढत असतात.

सव्वीस वर्षांत आपल्या एकाही तक्त्याला शुद्धिपत्रक जोडावं लागलं नाही, हा बाबूंचा अभिमान. दुसरा अभिमान म्हणजे पंचनाम्याला गेल्यावर ते कोणाच्या घरचं पाणीही घेत नसत. "ज्याचं नुकसान लिहाचं, त्याच्या घरी बसाचं नाही," असं म्हणत. उभ्याउभ्या पाहणी, उभ्याउभ्या सह्या, चला पुढे.

एका वर्षी मोठा पूर आला आणि तलाठी पुरेनात, म्हणून बाबूंनाही गावोगावी धाडलं. तक्ता वर गेला, पैसे आले, वाटले. प्रमाणपत्र सहीला तयार होतं, आणि नेमकी त्याच दिवशी सायत्राबाई दारात येऊन उभी राहिली. साठी उलटलेली, पदराच्या गाठीत बँकेचं पुस्तक.

"बाबू, माह्या खात्यात गोठ्याचे पैसे आले म्हणते ब्यांकेतला पोरगा. चुकून आले असन. माह्याकडं तं एक ढोर नाही. वापस घ्या."

बाबूंनी तक्ता उघडला. "गोठा एक, पूर्णतः. जनावरे निरंक. बरोबर तं आहे."

"गाय केव्हाचीच इकली जी. घर त्याच्याही आंदी पडलं. मंग गोठ्यात मीच रायत होती नं."

बाबूंनी तक्त्यातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. पाहणीच्या दिवशी ही बाई शाळेत, पूरग्रस्तांच्या पंगतीत होती. बाबूंनी गव्हाण पाहिली, खुंटा पाहिला आणि लिहून टाकलं. पंचांनी डोळे झाकून सह्या ठोकल्या, कारण गावात सगळे तिच्या खोपट्याला सायत्राबाईचा गोठाच म्हणत. तिथे चूल पेटते हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते कोणी विचारलंच नाही. गोठ्याची मदत किती आणि घराची किती, यातला फरक बाबूंना तोंडपाठ होता. गोठ्याच्या पैशात तिच्या भिंतीसुद्धा उठल्या नसत्या.

बाबू तक्ता दुरुस्त करायला निघाले. नायब तहसीलदार समजावून थकले. "लांजेवार, एका बाईसाठी काहून लफडं करून राहिले? तुमची बढतीची फाईल वर हाय. गोठा तं गोठा. सही करा."

बाबूंनी सही केली, नाहीतर बाकी तालुक्याचा हप्ता अडला असता. पण त्यातून एक गोठा वगळून. मग घर म्हणून पुरवणी मागणी तयार केली आणि सव्वीस वर्षांतलं पहिलं शुद्धिपत्रक स्वतःच्या हाताने लिहिलं. टंकायला माझ्याकडे दिलं. खाली कारण होतं: "सदर गोठ्यात बाई राहत होती. पाहणी करणाऱ्याने विचारायला हवे होते, विचारले नाही."

"बाबू, पावसाने चुकलं असं लिहू का?" मी म्हटलं.

"पावसानं नाही चुकलं, मॅडम. मी चुकलो."

व्हायचं तेच झालं. कारणे दाखवा नोटीस आली, बढती गेली. पण पुरवणी मागणी मंजूर झाली, आणि टिनाच्या छपराची एक खोली उभी राहिली. पूर्ण झाल्याच्या फोटोसाठी आम्ही दोघं गेलो. बाबूंनी भिंती ठोकून पाहिल्या, फोटो काढला, निघाले.

सायत्राबाईने दार अडवलं. "आता तं नुकसान लिहाचं नाही नं? मंग बसा."

बाबूंना यावर कुठलाही नियम आठवला नाही. बसले. तिने भात वाढला, वरण वाढलं, आणि सहज विचारलं, "घरी कोण कोण हाय जी तुमच्या?"

"कोणी नाही. बायको होती. तीन वर्षं झाली."

मला माहीत होतं. चौदाव्या दिवशी ते कामावर आले, तक्ता उघडला, आणि ऑफिसातल्या एकानेही काही विचारलं नाही. शेजारी बसून मीही नाही. मान वर करायची लाज वाटली मला.

"मंग आता बरं हाय नं?" सायत्राबाईने विचारलं.

बाबूंनी वरणभात कालवला.

"अंशतः," ते म्हणाले.

तिला शब्द कळला की नाही, देव जाणे. तिने ताटात आणखी भात घातला, त्यावर वरण ओतलं, आणि बाबू नको म्हणाले नाहीत.