पुलाचे गणित सामुदायिक रीतीने सोडवण्याबाबत

जगातले कोणतेही मोठे काम ताकदीअभावी अडत नाही. ताकद मुबलक असते. ती निरनिराळ्या टेबलांवर पांगलेली असते, एवढेच. पूल-तपासणी कार्यालयाला हे सत्य उमगले ते नव्या पुलामुळे. पूल बांधून झाला होता, रंगही दिला होता, फक्त तो भार पेलेल की नाही हे गणित राहिले होते. (क्रम असाच असतो. आधी गणित केले तर पूल बांधायला हुरूप राहत नाही.)

हे गणित एका कॉम्प्युटरला एकशे पाच दिवस लागणार होते आणि उद्घाटन महिन्यावर आले होते. कार्यालयात कॉम्प्युटर सात. ते सांभाळणाऱ्या गृहस्थाला सगळे 'सिस्टिम' म्हणत. ("अहो सिस्टिम, जरा हे बटण दाबून द्या.") त्याने सुचवले की सातही यंत्रे वायरने जोडून त्यांची एक ग्रिड करावी. गणिताचे तुकडे पाडायचे. जे यंत्र रिकामे असेल त्याने एकेक तुकडा उचलायचा. कीबोर्डला दहा मिनिटे हात लागला नाही की यंत्र रिकामे समजायचे, हात लागला की तुकडा थांबेल. सगळे रिकामे राहिले तर पंधरा दिवसांत गणित पुरे, आणि या कार्यालयाबाबत तशी आशा बाळगायला भरपूर जागा होती. (रात्रीही यंत्रे चालवता आली असती. पण साडेपाचला रखवालदार मेन स्विच बंद करतो, आणि त्याला थांबवण्याचा अधिकार कोणाचा, याचा शोध चालू आहे.)

सिस्टिमची तळमळ इतरांपेक्षा जरा जास्त होती. त्याची ताई पलीकडच्या काठावर राहायची आणि दोन पोरांना स्कूटरवर घालून रोज अलीकडच्या शाळेत आणायची, लांबच्या रस्त्याने, पाऊण तास. नव्या पुलावरून दहा मिनिटे.

"पूल चांगला आहे ना रे?" तिने विचारले.

"गणित झालं की सांगतो," तो म्हणाला.

जोडणीला चार दिवस लागले. त्यातले तीन कपाटे सरकवण्याची परवानगी मिळण्यात गेले. ग्रिडमध्ये सगळ्यांची घड्याळे एक लागतात; आवक-जावकच्या काकांचा कॉम्प्युटर मात्र नऊ वर्षे मागच्या तारखेत सुखाने नांदत होता. त्याला चालू वर्षात आणले, तेव्हा काका दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

पण ग्रिड चालली, आणि काय चालली! तीन दिवसांत पूर्ण रिकामपणी वीस टक्के गणित व्हायला हवे होते, ते एकोणीस टक्के झाले. म्हणजे कार्यालयाचा रिकामपणा पंचाण्णव टक्के भरला. सिस्टिमला आनंदाने जेवण गेले नाही.

मग साहेबांना वाटले, एवढे सहकार्य होते आहे तर कौतुक व्हायला हवे. त्यांनी 'ग्रिडला सर्वाधिक वेळ देणारे' अशी यादी फळ्यावर लावायला सांगितली. पहिला क्रमांक खुद्द साहेबांचा आला: आठ तासांपैकी रोज सात तास पन्नास मिनिटे. सव्वा तास साहेबांनी अभिनंदन स्वीकारले. मग तीस वर्षे नोकरी झालेल्या मोठ्या बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "साहेब, यात पहिलं येणं म्हणजे काय, ते जरा बघून घ्या."

साहेबांनी बघितले. दुपारी परिपत्रक निघाले: "सदर ग्रिड अत्यंत उपयुक्त असून ती अखंड चालू ठेवावी. मात्र कोणत्याही कर्मचाऱ्याचे यंत्र कार्यालयीन वेळेत रिकामे आढळू नये. यादी दर सोमवारी लागेल."

खाई त्याला खवखवे. मोठ्या बाईंनी स्पेसच्या बटणावर स्टेपलर ठेवला. काका दर नऊ मिनिटांनी कुठूनही धावत येत आणि एक बटण दाबून परत जात. (त्यांची तब्येत सुधारली.) साहेबांनी एंटरवर कागददाब ठेवला आणि त्यांचे एक पत्र चौदा हजार पानांचे झाले. त्या आठवड्यात कार्यालयाने एकूण एकतीस हजार पाने टाइप केली. त्यांत शब्द नव्हते, पण पाने होती.

गणित एकोणीस टक्क्यांवर रुतून बसले.

"बाई, थोडा वेळ स्टेपलर उचला हो. पुलाचं काम आहे," सिस्टिम काकुळतीला आला.

"कळतं रे मला. पण तीस वर्षांत 'रिकामी' असा शेरा नाही माझ्यावर. तो आता तुझ्या पुलापायी घेऊ?"

त्याने आपले एकट्याचे यंत्र मोकळे सोडले. आठवड्यात गणित चोवीस टक्के झाले आणि सोमवारी यादीत एकच नाव लागले. त्याच्याकडून खुलासा मागवण्यात आला: ग्रिडसारख्या महत्त्वाच्या कामी नेमलेला माणूस आठवडाभर रिकामा कसा? मंगळवारी त्यानेही कीबोर्डावर जाडजूड पुस्तक ठेवले.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांचा अहवाल तयार होता: "पुलाच्या गणितासाठी सात यंत्रांची ग्रिड उभारण्यात आली. ती सुस्थितीत आहे. सातही यंत्रे शंभर टक्के वेळ व्यग्र आहेत. पूल खुला करण्यास या कार्यालयाची हरकत नाही." खाली गणित करणाऱ्याच्या सहीसाठी जागा.

"करा सही. यात खोटं काय आहे?" साहेब म्हणाले.

सिस्टिमने तीनदा वाचले. एकही वाक्य खोटे नव्हते. त्याने सही केली, आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की सही नीट आली की नाही हेही त्याने पाहिले नाही.

बाहेर येऊन त्याने फोन लावला. "ताई, थोडे दिवस लांबच्याच रस्त्याने जा."

"का रे? गणित झालं नाही?"

मागे साहेब उभे होते. "झालं," सिस्टिम म्हणाला.

"मग? सही तुझी आहे ना?"

"माझीच आहे."

"मग उगाच कशाला घाबरवतोस?" ती म्हणाली आणि फोन ठेवला.

पूल खुला झाला. रहदारी उत्तम आहे. आज सकाळी तुम्हीही त्यावरून आलात. मधोमध काहीतरी हलल्यासारखे वाटले, पण पुढे एक बाई दोन पोरांना स्कूटरवर घेऊन चाललेली दिसली, तेव्हा तुम्ही मनात म्हणालात, लेकरं घेऊन जातेय म्हणजे कोणीतरी तपासलं असेलच. भावाचा आवाज आठवून तीही तिथे क्षणभर थांबणार होती. पण आरशात मागून निर्धास्त येणारे तुम्ही दिसलात, आणि तिने वेग वाढवला.